दुसऱ्या शनिवारची बैठक: सशुल्क आर्थिक सल्लासेवेचे एक वर्ष

आमच्या घरी पैशाचा विषय वर्षातून दोनदाच नीट निघत असे. एकदा जूनमध्ये शाळेची फी आणि क्लासची फी एकाच आठवड्यात भरावी लागली की, आणि दुसऱ्यांदा मार्चमध्ये. एरवी पगार येत होता, हप्ता जात होता आणि उरलेले पैसे कुठे गेले याची विचारपूस कोणी कोणाला करत नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये आम्ही दादर पश्चिमेच्या एका छोट्या सल्लागार कार्यालयाची वर्षभराची सेवा घेतली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पाऊण तास पती-पत्नींनी एकत्र बसायचे, गेल्या महिन्याचा हिशेब पाहायचा आणि घराच्या उद्दिष्टांचे पत्रक पुढे न्यायचे, असे तिचे स्वरूप आहे. बारा बैठका पूर्ण झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. काही तक्रारी स्पष्टपणे मांडायच्या असल्याने कार्यालयाचे नाव देत नाही. तशीही अशा प्रकारची कार्यालये आता पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत बरीच निघाली आहेत आणि सेवेची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच असते.

शुल्क वर्षाला २४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८,३२० रुपये. ते दोन हप्त्यांत द्यायचे. हा आकडा ऐकल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, “पैशाविषयी बोलायला पैसे मोजायचे, हे नवीनच.” त्यांचे म्हणणे मला पहिले दोन महिने पटत होते.

सेवा घेण्यापूर्वी एक गोष्ट आम्ही तपासली आणि ती प्रत्येकाने तपासावी. सल्लागार सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाकडे, ‘गुंतवणूक सल्लागार’ म्हणून नोंदलेला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो सापडतो. याउलट ज्याच्याकडे केवळ ‘एआरएन’ क्रमांक आहे तो म्युच्युअल फंडांचा वितरक असतो; तो तुमच्याकडून शुल्क घेत नाही, कारण त्याचे कमिशन फंड कंपनी तुमच्याच गुंतवणुकीतून देत असते. वितरक असणे हा काही गुन्हा नव्हे, पण समोर बसलेला माणूस कोणाच्या पैशावर जगतो हे माहीत असले की त्याच्या सल्ल्याचे वजन ठरवता येते. आमच्या सल्लागाराने पहिल्याच दिवशी आपला क्रमांक आणि शुल्काचा करार पुढे ठेवला. आमच्याकडून शुल्काखेरीज एक रुपयाही त्याला मिळणार नाही, हे कलम त्यात ठळक अक्षरांत होते. ही सुरुवात मला आवडली.

पहिल्या बैठकीचे वर्णन जरा सविस्तर करते, कारण वर्षभरातील सर्वांत मोलाची पंधरा मिनिटे तीच होती. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, मध्ये गोल टेबल, त्यावर एक स्टीलचा डबा. फोन त्या डब्यात ठेवायचे. मग दोघांना एकेक कोरा कागद दिला गेला आणि सांगण्यात आले की गृहकर्जाचा हप्ता सोडून घराचा महिन्याचा खर्च किती, तो आकडा एकमेकांना न दाखवता लिहा. माझ्या पतींनी क्षणाचाही विचार न करता ५५,००० लिहिले. मी बरीच आकडेमोड करून ७८,००० लिहिले. सल्लागाराने आधी मागवून घेतलेल्या बँक खात्यांच्या उताऱ्यांवरून तीन महिन्यांची सरासरी काढून ठेवली होती. ती ८३,४०० निघाली. पतींच्या आकड्यात सोसायटीचा मेंटेनन्स, घरकामाच्या मावशींचा पगार आणि सासूबाईंची औषधे नव्हतीच, कारण या तिन्ही गोष्टी माझ्या खात्यातून जातात. मी स्वतःवर खूश होणार तेवढ्यात सल्लागाराने दुसरा कागद पुढे केला. वर्षातून एकदाच येणारे खर्च या सरासरीत धरलेलेच नव्हते: आरोग्य विम्याचा हप्ता, गणपतीला गावी जाणे-येणे, दिवाळी, पावसाळ्यापूर्वीचे वॉटरप्रूफिंग, गाडीचा विमा. त्यांची बेरीज १,०८,००० झाली. म्हणजे दरमहा आणखी ९,००० रुपये, ज्यांचा विचार आम्हा दोघांपैकी कोणीही केला नव्हता. त्याच आठवड्यात आम्ही ९,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली आणि त्या वर्षी गणपतीचा खर्च पहिल्यांदाच क्रेडिट कार्डावर गेला नाही. हा सल्ला कोणतीही आजी फुकट देईल, हे मला मान्य आहे. आमच्या घरच्या आजीने तो दिलाही होता.

खरा आर्थिक लाभ झाला तो जूनच्या बैठकीत. आमचे गृहकर्ज २०१७ चे, २० वर्षांच्या मुदतीचे, आणि व्याजदर त्या काळच्या पद्धतीप्रमाणे एमसीएलआरशी, म्हणजे बँकेने स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरवलेल्या दराशी, जोडलेला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी तरत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाहेरच्या निर्देशांकाशी जोडणे बंधनकारक झाले, पण जुने कर्जदार स्वतः अर्ज करून बदल मागत नाहीत तोवर जुन्याच गणितावर राहतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जून महिन्यांत रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला, तरी आमचा दर ९ टक्क्यांवरच बसून होता. आम्ही वर्तमानपत्रात दरकपातीच्या बातम्या वाचत होतो आणि आपलाही हप्ता आपोआप कमी होईल अशा समजुतीत होतो. सल्लागाराने कर्जखात्याचा उतारा पाहून हे दोन मिनिटांत दाखवून दिले. किरकोळ शुल्क भरून जुलैमध्ये बदल झाला आणि दर ८ टक्क्यांवर आला.

पुढचा प्रश्न असा होता की हप्ता कमी करायचा की मुदत. शिल्लक कर्ज ३० लाख आणि उरलेली वर्षे १२ धरली तर ९ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३४,१४० रुपये होतो आणि ८ टक्क्यांनी सुमारे ३२,४७०. माझ्या पतींना दरमहा वाचणारे १,६७० रुपये दिसत होते. सल्लागाराने हप्ता तोच ठेवायला सांगितले; त्याने १४४ हप्त्यांचे १३३ होतात आणि एकूण पावणेचार लाखांहून अधिक रक्कम वाचते. डिसेंबरमध्ये रेपो आणखी पाव टक्क्याने उतरला तेव्हा आमचा दरही पुढच्या तिमाहीत आपोआप उतरला, कारण या पद्धतीत किमान दर तीन महिन्यांनी दराची फेररचना करावी लागते. वर्षभराचे शुल्क या एका बैठकीतच वसूल झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

आता दुसरी बाजू. याच कार्यालयाने सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या तारखेवर तब्बल अर्धी बैठक खर्च केली. या खात्यात महिन्याच्या ५ तारखेपर्यंतची शिल्लक आणि महिनाअखेरची शिल्लक यांतील किमान रकमेवर व्याज मिळते, म्हणून पैसे ५ तारखेपूर्वी भरावेत, हे खरे आहे. आम्ही दरमहा ५,००० रुपये ७ तारखेला भरत होतो. ७.१ टक्के दराने त्यात होणारे वार्षिक नुकसान ३५५ रुपये निघते. पावणेचार लाखांचा मुद्दा आणि ३५५ रुपयांचा मुद्दा यांना सारखाच वेळ आणि सारखाच गंभीर चेहरा मिळत असेल, तर ग्राहकाला महत्त्वाचे काय हे स्वतःच ओळखावे लागते. पत्रकावर दोन्हींपुढे सारखीच हिरवी खूण होती.

उद्दिष्टांचे पत्रक हा या सेवेचा कणा आहे, आणि तो चांगला आहे. प्रत्येक उद्दिष्टापुढे साल, आजची किंमत आणि त्या सालची किंमत लिहावी लागते. आमच्या मुलीची बारावी २०३० मध्ये होईल. तिच्या पुढच्या शिक्षणाला आजच्या भावाने १२ लाख लागतील असे धरले, तर वर्षाला ८ टक्के वाढीने पाच वर्षांनी ते सुमारे १७ लाख ६० हजार होतात. आम्ही निर्धास्त होतो, कारण २०१५ मध्ये, योजना सुरू झाली त्याच वर्षी, तिच्या नावे सुकन्या समृद्धी खाते उघडले होते. सल्लागाराने विचारले की हे खाते संपते कधी. पतींनी उत्तर दिले, “अठरा वर्षांची झाली की.” तसे नाही. खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी, म्हणजे आमच्या बाबतीत २०३६ मध्ये, त्याची मुदत पूर्ण होते. उच्च शिक्षणासाठी मध्येच पैसे काढता येतात, पण ते आदल्या आर्थिक वर्षाच्या अखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतच. ज्या रकमेवर आम्ही डोळे मिटून विसंबलो होतो, तिचा अर्धाच भाग वेळेवर हाती येणार होता. हे कळले तेव्हा हातात पाच वर्षे होती. बारावीच्या निकालानंतर कळले असते तर बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या रांगेत उभे राहण्यावाचून पर्याय नव्हता.

सासूबाईंच्या ठेवींचा प्रसंगही सांगण्याजोगा आहे. त्यांच्या ७ लाख ४० हजारांच्या मुदत ठेवी एकाच सहकारी बँकेच्या तीन शाखांत आहेत आणि शाखा वेगळ्या म्हणून आपले पैसे विभागलेले आहेत, असा त्यांचा पक्का समज होता. बँक बुडाल्यास मिळणाऱ्या ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये आहे, पण ती एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवींना, व्याजासह मिळून, लागू होते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हाच्या रांगांच्या छायाचित्रांची मुंबईतल्या ज्येष्ठ नागरिकांना वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही. तरीही सासूबाई तयार होईनात. ती बँक इमारतीच्या खाली आहे, तिथला कारकून त्यांना पासबुक भरून देतो आणि पाणीही विचारतो. अखेर अडीच लाखांची ठेव मुदत संपताच पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेली आणि बाकीचे ४ लाख ९० हजार त्या कारकुनापाशी राहिले. विम्याच्या मर्यादेत व्याजही धरले जाते म्हणून व्याज दर तिमाहीला काढून घ्यायचे ठरले. सल्लागाराने ही तडजोड हसून मान्य केली. सल्ल्याला माणसाची सवय जोडून घेण्याचे हे कौशल्य त्याच्यापाशी आहे आणि त्याचे गुण मी पूर्ण देते.

नामनिर्देशनाचा मुद्दा थोडक्यात. पत्रकाच्या शेवटी एक ओळ असते: ‘दोघांपैकी एक नसेल तर दुसऱ्याला काय सापडणार नाही?’ या एका ओळीमुळे कळले की पतींच्या भविष्य निर्वाह निधीवर वारस म्हणून अजून माझ्या दिवंगत सासऱ्यांचे नाव होते. ते ऑनलाइन बदलायला वीस मिनिटे लागली. ते इतकी वर्षे का राहिले, याला आम्हा दोघांपाशी उत्तर नाही.

तक्रारींपैकी सर्वांत मोठी अशी की पत्रकाला मुंबईतले मराठी घर ओळखताच येत नाही. त्यात म्युच्युअल फंडांसाठी सहा रकाने आहेत आणि सोन्यासाठी एकही नाही. माझ्या पाटल्या, मंगळसूत्र आणि सासूबाईंचा लक्ष्मीहार यांची किंमत शून्य धरली जाते. दागिने विकायचे नसतात म्हणून ते धरू नयेत, हे तत्त्व मला समजते, पण वेळप्रसंगी सोने तारण ठेवूनच या घराने दोन आजारपणे निभावली आहेत. सासूबाईंच्या भिशीसाठी रकाना नव्हता. सल्लागाराच्या मदतनीस मुलीने ती ‘इतर येणे’ या सदरात टाकली आणि पुढच्या महिन्यात वसूल न झालेले येणे म्हणून लाल रंगात दाखवली. चिपळूणजवळच्या गावातील सामायिक घराच्या छपरासाठी आम्ही दोन लाख बाजूला काढतो आहोत, तर त्याला ‘परतावा नसलेला खर्च’ असा शेरा मिळाला. शेरा चुकीचा नाही. पण चुलत्यांच्या घरांनी आपापला वाटा दिला असताना आम्ही दिला नाही तर कशाचा परतावा जातो, हे त्या पत्रकाला कसे कळावे?

याहून गंभीर उणीव घराच्या बाबतीत आहे. आमची कांदिवलीची सोसायटी ३८ वर्षांची असून पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. या शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबाची बहुतेक सगळी मालमत्ता त्या चार भिंतींत असते. विकासक भाडे देईल त्यात याच परिसरात जागा मिळेल का, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च कोणी करायचा, उंच इमारतीत गेल्यावर मेंटेनन्स दुप्पट-तिप्पट झाला तर सासूबाईंच्या निवृत्तिवेतनावर तो पेलेल का, विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम (कॉर्पस) त्यासाठीच बाजूला ठेवावा का, असे प्रश्न मी तीन बैठकांत मांडले. तिन्ही वेळा उत्तर मिळाले की रक्कम हाती आल्यावर गुंतवणूक ठरवू. रक्कम हाती येण्यापूर्वीच तर सगळे ठरवायचे असते. शेवटी या प्रश्नांची उत्तरे मला ज्यांचे घर नुकतेच पुनर्विकासातून बाहेर पडले अशा शेजारच्या इमारतीतल्या एका काकूंनी चहाच्या कपाबरोबर दिली.

कामकाजातील दोष वेगळे. मुख्य सल्लागार बारापैकी चारच बैठकांना होते. बाकी बैठका मदतनीसाने घेतल्या आणि करारात याचा उल्लेख नव्हता. ऑगस्टच्या पत्रकात कर्जाचा हप्ता जुन्या आणि नव्या अशा दोन्ही दराने दोनदा धरला गेला आणि घर दरमहा ३० हजारांनी तुटीत असल्याचे दिसले. त्या तुटीवरून आमच्या घरी दोन संध्याकाळी वाद झाला, मुलीचा चित्रकलेचा क्लास बंद करण्यापर्यंत गोष्ट गेली आणि तिसऱ्या दिवशी मी स्वतः बेरीज केल्यावर चूक सापडली. दिलगिरीचा निरोप आला, दुरुस्त पत्रक मात्र आठ दिवसांनी आले. पत्रक इंग्रजीत असते. सासूबाईंसाठी मराठीत मागितले तेव्हा पैसे चटकन काढता येणाऱ्या ‘लिक्विड फंड’ला ‘द्रव निधी’ म्हणणारा कागद हाती पडला. सासूबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारले की हे रॉकेलचे काही आहे का.

दरमहा बैठक हवीच का, याबद्दल माझे मत पहिल्या चार महिन्यांनंतर बदलले. खर्चाची शिस्त लागेपर्यंत महिन्याचा फेरा उपयोगी पडतो. पुढे गुंतवणुकीत महिन्याला पाहण्यासारखे काही घडत नाही आणि नाही घडत तेच बरे असते. जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या बैठकांत आम्ही बाजार किती चढला-उतरला एवढेच ऐकून आलो. बैठक भरवायची म्हणून विषय काढायचा, असे होऊ लागले की ग्राहकाला उगीच काहीतरी विकत घ्यावेसे किंवा विकावेसे वाटू लागते. याच ओघात पतींच्या जुन्या रेग्युलर (वितरकाचे कमिशन असलेल्या) योजनांतील फंड सगळे एकदम डायरेक्ट (बिनकमिशनच्या) योजनांत वळवण्याचा आग्रह मदतनीसाने धरला होता. मुख्य सल्लागार हजर असल्याने त्यांनी तो थांबवला, कारण असा बदल विक्रीच धरला जातो आणि समभागांच्या फंडांतील दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही आणि त्यापुढे १२.५ टक्के आहे. म्हणून दोन आर्थिक वर्षांत विभागून बदल केला तर कर भरावाच लागत नाही. सल्ला योग्य होता. तो बैठकीत कोण बसले आहे यावर अवलंबून राहिला, हे बरोबर नव्हे.

ज्यांच्या घरी दोघेही कमावतात, खाती विखुरलेली आहेत, जुने कर्ज आहे आणि दोघे समोरासमोर बसले की आकड्यांऐवजी माहेर-सासरचा इतिहास निघतो, त्यांनी अशी सेवा एक वर्ष जरूर घ्यावी. तिसरा माणूस टेबलावर असला की आवाज खाली राहतात आणि हिशेब पुरा होतो. ज्यांची संपत्ती मुख्यतः घर, सोने आणि गावची जमीन अशा स्वरूपाची आहे, त्यांना २८ हजारांत फारसे काही मिळणार नाही. सही करण्यापूर्वी बैठक कोण घेणार आणि चुकलेली बैठक भरून मिळणार का, हे करारात लिहून घ्यावे. मे महिन्यात आम्ही गावी होतो, तेव्हा दूरदृश्य बैठकीचा पर्याय मिळाला. गावी नेटवर्क आंब्याच्या झाडाखालीच येते, त्यामुळे ती अकरा मिनिटांत आटोपली आणि पूर्ण बैठक म्हणून मोजली गेली.

मार्चअखेर नूतनीकरणाचे पत्र आले. आम्ही दर तीन महिन्यांनी बैठक आणि त्या प्रमाणात शुल्क, असा पर्याय मागितला, पण त्यांच्याकडे तसा पर्याय नाही, म्हणून नूतनीकरण केले नाही. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर तेच पत्रक घेऊन बसलो. फोन पोळ्यांच्या डब्यात ठेवले. सासूबाई तिसऱ्या खुर्चीवर येऊन बसल्या, पत्रक आपल्याकडे ओढले आणि म्हणाल्या की भिशीचा रकाना आधी आखा, मग बाकीचे बोला.